दादाच्या ‘नाय’वर आजही हसले

मंडळी, दुपारी महाडहून परतले तेव्हापासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

आज तिथे माझ्या दादाची शोकसभा होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात सिनेमात आणि टीव्हीवर विनोदी गड्याची कामं करायचा तो. आम्ही महाडकडच्या उमरठ गावचे. मुंबईत कामगारांच्या नाटकांत दादाने राजा केला, वकील केला, तेही अगदी स्वच्छ भाषेत. सिनेमावाल्यांना मात्र त्याच्या तोंडून फक्त ‘नाय’ आणि ‘हाय’ हवं होतं. जन्मभर तेच बोलायला लावलं त्याला.

त्याचा पहिला सिनेमा आम्ही महाडच्या थेटरात पाहिला. पडद्यावर दादा मालकाला म्हणाला, "माजा जेवान नाय झाला अजून." झालं! सगळं थेटर हसायला लागलं. आय माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हसतात कशाला गो? बराबर तर बोलतोय तो."



आज सभेत एकेक वक्ता उठून दादाची नक्कल करत होता. शेवटी मला बोलावलं. मी शिक्षिका होते, भाषणाची सवय आहे. पण हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि तोंडात घरचीच भाषा आली. म्हटलं, "माजा दादा आता नाय."

पुढच्या रांगा खळखळून हसल्या. एकाने तर टाळी वाजवली.

आय आता विचारायला नाही, म्हणून मीच विचारते. हसलात कशाला? बराबर तर बोलत होते मी.