इंजिनातला भंडारा

"उतर जल्दी, वाफ आली!" फोडणीत हळद करपली की नवऱ्याची ही आरोळी आजबी कानात येती. त्या दिशी तापानं फणफणलेलं लेकरू छातीशी धरून मी मोटारीतनं उडीच मारली. वडीगोद्रीचा दवाखाना लांब, दोन्हीकडं नुसत्या कापसाच्या पऱ्हाट्या. आज्याची भंगारातली मोटार ह्यांनी दुरुस्त करून चालती केल्ती. तिचा रेडिएटर मिळंना म्हणून ट्रॅक्टरचा बसवल्ता, तोच गळून राह्यला. "मूठभर हळद पाह्यजे, भोक बुजतं," हे म्हणले. हळद कुठली तिथं? संगं आलेल्या सासूच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा व्हता, म्हंजे हळदच. "देवाचा हाय, हात लावू नको!" सासू पिशवी सोडंना. मी हिसकलीच, अन् रेडिएटर निवल्यावर पाण्यासंगं सगळा भंडारा ओतला. गळती थांबली, दवाखाना गाठला. लेकरू आता अंगणभर पळतं. सासू मात्र अजून टोमणा मारती, "देवाला इंजिनात घातलंस." तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?