रेडिएटरमधलं हिरवं पाणी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मला ड्रायव्हिंगचं लायसन्स मिळालं होतं, पण मी गाडी चालवायची ती फक्त आमच्या कॉलनीत, संध्याकाळी, बाबा शेजारी बसलेले असताना. मुख्य रस्ता दिसला की ते म्हणायचे, "हां, इथून वळव." नामपूरला मावशीकडे जाताना मला चालवू द्याल का, असं मी एकदा विचारलं होतं.

"गाडी तापते गं घाटात," ते म्हणाले. "मध्येच बंद पडली तर घाबरशील."

पुन्हा विचारायचा माझा स्वभाव नव्हता. पण अडचण गाडीत होती, माझ्यात नव्हती, एवढं मी मनात ठेवलं.

गाडी तापायची हे खरंच होतं. भावडबारीच्या घाटात दर खेपेला काटा लाल रेघेकडे सरकायचा, बॉनेटमधून वाफ यायची आणि आम्ही झाडाखाली आईचा चिवडा खात गाडी निवायची वाट बघायचो. येणारे-जाणारे मान वळवून बघायचे. मला कुठे लपू असं व्हायचं.

शेजारचे काका कारखान्यात फिटर होते. एकदा कुंपणावरून ते बाबांना म्हणाले, "तुम्ही विहिरीचं पाणी ओतता रेडिएटरमध्ये. आत गंज आणि खार बसलाय. सगळं धुऊन काढा आणि कूलंट घाला." बाबांनी हसून विषय सोडला. मी सोडला नाही. जेवताना, चहा घेताना, मध्येच सहज विचारल्यासारखं, "बाबा, काका काय म्हणत होते?" शेवटी बाबा वैतागून मला स्कूटरवर मागे बसवून नाशकातल्याच द्वारका भागात स्पेअर पार्टच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीने माखलेला कूलंटचा डबा काढला. "साहेब, हे बर्फ पडतो तिकडचं. पाणी गोठू नये म्हणून. नाशकात काय गोठणार? फार तर निफाडची द्राक्षं."

गिऱ्हाइकं हसली. बाबांनी डबा परत सरकवला. मी तो उचलून मागची इंग्रजी बारीक अक्षरं वाचली. परक्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे माझे कान तापायचे. तरी बोलले, "बाबा, ह्याने पाणी लवकर उकळतही नाही. आणि आत गंज धरत नाही, असं लिहिलंय."

"घ्या मग," दुकानदार म्हणाला. "ताईंनी पास केलंय."

रविवारी सकाळी काकांनी रेडिएटरची खालची तोटी सोडली. उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं पाणी बादलीत पडलं. आई पायरीवरून बघत होती.

"आमचा अंघोळीचा बंब दर दिवाळीला आतून घासून निघतो," ती म्हणाली. "ह्या बिचारीचं पोट कुणी कधी बघितलं का?"

"वहिनी, धुण्याचा सोडा आहे का?" काकांनी विचारलं.

"म्हणजे घासायला शेवटी मीच!"

सोड्याचं पाणी भरून थोडा वेळ इंजिन चालवलं, निवू दिलं, मग पाणी सोडून दिलं. नळी लावून आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. नंतर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळलं. हिरवंगार.

"खसचं सरबत का गं?" काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं.

"विष आहे काकू," मी म्हणाले. एरवी त्यांच्याशी माझं 'हो' आणि 'नाही'पुढे बोलणं नसायचं.

"मग ह्यांना दे पेलाभर. सकाळपासून चहा-चहा करतायत."

आत अडकलेली हवा निघावी म्हणून गाडीचं तोंड चढावर करायचं होतं. सगळ्यांनी मिळून ती फाटकाच्या उतारावर ढकलली. मी स्टिअरिंगवर. काका रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी. "हां, दे जरा ॲक्सिलरेटर... बास, बास! निघाले बुडबुडे!" हिरवं पाणी खाली गेलं की बाबा वरून आणखी ओतत. मी काट्यावरची नजर हलवली नाही. तो मध्यावर आला आणि तिथेच राहिला. मला हसू येत होतं, ते मी आवरत होते.

पुढच्याच सुट्टीत नामपूरला निघालो. गाडी अर्थातच बाबांच्या हातात. भावडबारीचा चढ लागला तशा सगळ्यांच्या नजरा काट्यावर. एक वळण, दुसरं वळण. काटा मध्यावर. नेहमीचं झाड आलं आणि मागे गेलं.

"अहो, थांबायचं नाही का?" आई मागून म्हणाली. "चिवडा कधी खायचा मग?"

माथ्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. वाफ नाही, काही नाही. ते खूश होऊन बघत राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि दुसऱ्यांदा विचारलं, "बाबा, आता मी चालवू?"

त्यांनी पुन्हा एकदा बॉनेटमध्ये बघितलं. तिथून मदत मिळण्यासारखी नव्हती.

"म्हणून चाललं होतं होय हे सगळं?" ते म्हणाले.

मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"गुपचूप मांजर आहे नुसती," आई म्हणाली आणि हसायला लागली. बाबाही हसले. ते पलीकडे जाऊन बसले.

घाट उतरून देवळ्याकडे जाताना पुढे कांद्याचा ट्रॅक्टर आला, रस्ता अडवून संथ चाललेला. मी बराच वेळ त्याच्या मागे.

"अगं, हॉर्न वाजव," बाबा म्हणाले.

रस्त्यावरच्या माणसाला हॉर्न देऊन बाजूला हो म्हणायचं मला जड गेलं. मी हळूच वाजवला. काही झालं नाही. मग जोरात दाबला.

ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं, मग नीट बघितलं, आणि बाजूला घेत अहिराणीत ओरडला, "काय घाई शे वं ताई?"

"मावशीकडे चाललेय!" मी काचेतून ओरडून सांगितलं आणि गाडी पुढे काढली.