तपासणीचे बूट

सरकारी वीजकेंद्रात त्याला सगळे ‘जुना’ म्हणतात. केस तिथेच पिकले त्याचे. पण ठेकेदार बदलला की गेटपास नवा, आणि हा पुन्हा काल लागलेला पोरगा. काम मात्र तेच, बॉयलरखालची गरम राख उपसायचं. कंपनीच्या कायम कामगारांना जाड बूट मिळतात. कंत्राटी माणसानं घरच्या रबरी चपलांवर भागवायचं. गेल्या महिन्यात जुन्याचं पाऊल भाजलं, तर कंपनीच्या दवाखान्यानं सरळ हात वर केले. “तुम्ही आमचे नाही.” मग कोणाचे, ते काही कोणी सांगत नाही.

आणि परवा काय नवल! वरून साहेब तपासणीला येणार म्हणून ठेकेदाराच्या मुकादमानं सगळ्यांना नवे कोरे बूट वाटले. दिवसभर जुन्याच्या पायाला चटका म्हणून लागला नाही. साहेब आले, मान डोलावली, फोटो काढून गेले. पाळी सुटली तर मुकादम रिकामं पोतं घेऊन फाटकाशी हजर.

“काढा बूट.”

बाकीच्यांनी निमूट काढले. जुन्याचं डोकंच सणकलं.

“पाय माझा भाजतो. नाही देणार. काय करायचं ते कर.”

मुकादम आवाजही न चढवता म्हणाला, “मी काय करणार बाबा? उद्या पलीकडच्या युनिटमध्ये तपासणी आहे. तिथंही हेच जोड घालायचेत. एक कमी पडला तर एका माणसाला परत पाठवावं लागेल, कायमचं. तुझा मेहुणा तिथंच लागलाय ना नवीन? मग त्यालाच पाठवतो.”

बायकोच्या त्या धाकट्या भावाला यानंच मुकादमाच्या हातापाया पडून चिकटवलं होतं. तिकडे त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. जुना खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. संताप मुकादमाचा यावा की स्वतःचा, हेही त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेहुण्याचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

“दाजी, बूट मिळाले आम्हाला! उगाच नावं ठेवत होतो आपण.”

“संध्याकाळी परत मागतील.”

“मागू देत की. पायातले बूट कोण काढून देतं? तुम्ही दिले असते का?”

जुन्यानं चपलेत शिरलेली राख झटकली.

“दिले,” तो म्हणाला. “कालच दिले. तुझ्या पायात असतील ते.”