दर रविवारी पाच

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. तो मी मोडलाय. कुणी विचारलं की तो "कामावर पडलो" म्हणतो आणि मी शेजारी उभा राहून निर्लज्जासारखी मान डोलावतो. म्हणून इथे तरी खरं सांगून टाकतो.

घराला लागूनच आमचं गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज आहे. मी हातोडीवाला, तो रंगवाला. माझं काम आडदांड, पत्रा ठोकायचा, खेचायचा आणि मधूनमधून त्याला शिव्या घालायच्या. त्याचं काम नजरेचं. रंगाचा नंबर न बघता तो नुसत्या डोळ्यांनी डबे मिसळतो आणि वाळल्यावर जुना रंग कुठे संपला, नवा कुठे सुरू झाला, हे गाडीच्या मालकालाही सापडत नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. चार शब्द बोलायचे तर त्याला दोन कप चहा लागतो.

पंचविशीत डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याचं नाव सांगितलं, बायपोलर. कधी महिना महिना अंथरूण सोडायचा नाही, तर कधी दोन तास झोपून दिवसभर अंगात वारं शिरल्यासारखा. अशा वेळी तोंडाची टकळी थांबायची नाही, आणि अडवलं की हाताला लागेल ते फेकायचा. मग मी मारायचो. आमच्या वडिलांनी आम्हाला पट्ट्यानेच वाढवलं, तेच औषध मी पुढे चालू ठेवलं. मार खाऊन तो गप्प बसायचा आणि मला वाटायचं, बघा, उतरलं.

डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा, तेही दहा मिनिटं भेटायचे. गोळ्या चालू होत्या, पण मधल्या दिवसांचं काय? ते त्याने स्वतःच शोधून काढलं. इंटरनेटवर अशा आजाराच्या लोकांसाठी एक उपक्रम होता. रोज झोप किती झाली आणि मन कसं आहे ते भरायचं, आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर बोलायचं. मी त्यांना "मोबाइलमधल्या बाई" म्हणायचो आणि कामगारांसमोर त्याची टर उडवायचो.

त्यात घरच्या एका माणसाचं नाव द्यायचं होतं. त्याने माझं दिलं. "दादा, दर रविवारी एक मेसेज येईल. एवढंच कर माझ्यासाठी," म्हणाला. मेसेज यायचा, भावाचा आठवडा कसा गेला? एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे उत्तम.

आता आमची सवय ऐका. गाडी परत देताना आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे लागतो, साहेब, मोबाइलवर पाच तारे द्या. त्यामुळे कुणी आकडा मागितला की माझा अंगठा आपोआप पाचवर जातो. आठ रविवार मी न वाचता पाच दाबलं.

त्या आठ आठवड्यांत त्याने गोळ्या सोडल्या होत्या. झोप तीन तासांवर आली होती आणि भरताना तो सात लिहीत होता. मला कळलं नाही असं म्हणणार नाही. तो दोघांचं काम एकटा उरकत होता, म्हणून मला बरंच वाटत होतं.

मग एका मंगळवारी दुपारी त्याने तयार पांढऱ्या गाडीला ग्राइंडर लावला. "हा पांढरा खोटा आहे!" असं ओरडत त्याने अख्खं बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडलं. ठिणग्या उडत होत्या. मी प्लग उपटला. त्याने माझीच हातोडी उचलून समोरची काच फोडली, मग बाजूच्या गाडीची, आणि तिसरा घाव माझ्या कानाला चाटून गेला. रक्त गळ्यावर आलं तसं माझं डोकं फिरलं. जॅकचा दांडा हाताला लागला. पहिला फटका पाठीवर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा त्यानंतर मारला. चौथा माझ्या बायकोच्या खांद्यावर बसला, कारण ती घरातून धावत येऊन मध्ये पडली होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात बाईंचा फोन आला.

"तुम्ही या रविवारीही पाच पाठवलंत," त्या म्हणाल्या.

"मी वाचत नव्हतो."

त्या म्हणाल्या, "मला त्याच्या आकड्यांचा संशय येत होता. तुमचेही तसेच आले, म्हणून मी थांबले. तिथे माझीही चूक झाली." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो घरी आल्यावर व्हिडिओवर पुढच्या वेळेची योजना लिहायची ठरली. फोन पुट्टीच्या डब्याला टेकवला होता. हात प्लास्टरमध्ये. मी मागे उभा.

"दादाचं नाव काढा," तो म्हणाला. "वहिनीचं घाला."

बाईंनी विचारलं, "तुझं वाढायला लागलं तर घरातून कुणी बाहेर जायचं?"

"दादाने. रस्त्यापलीकडे. मी काहीही फोडलं तरी त्याने आत यायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं गॅरेज, आणि मीच बाहेर? बायको खांदा चोळत माझ्याकडे बघत होती. "कबूल," मी म्हणालो. शरमेने मान वर होत नव्हती.

अकरा महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी बायकोने रविवारी दोन पाठवलं आणि बाईंनी सोमवारी सकाळचीच डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. पण निघायच्या आधीच त्याचा तोल गेला. बायको म्हणाली, "तुम्ही जा बाहेर." मी गेलो.

रस्त्यापलीकडे मुठी खिशात कोंबून उभा राहिलो. आत रंगाचे डबे आपटत होते. काच फुटली. कंप्रेसर कोसळला. तो माझ्या नावाने ओरडत होता आणि खरं सांगतो, आत जाऊन त्याला लोळवावं असं मला शंभरदा वाटलं. दारात फोन धरून उभी असलेली बायको दिसत होती. बाईंचा आवाज तेवढा येत होता, सावकाश, एकसारखा. चाळीस मिनिटांनी आवाज थांबले.

तो तिच्याबरोबर बाहेर आला, पँटभर लाल रंग, दमलेला. डॉक्टरकडे न्यायला टॅक्सी उभी होती. मला भरून आलं होतं. जमलं रे, असं त्याला सांगायचं होतं. दाराची चौकट त्याच्या डोक्याला लागू नये म्हणून मी हात पुढे केला.

त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो खाली बसला.

बायकोने त्याला उठवून आत बसवलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो आणि डॉक्टरांचं दार येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.