काकीच्या स्टीलच्या तारा

रत्नप्रभा परब नाहूरला राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिचे वरचे दात पुढे आहेत. ही बातमी घराण्यात बावीस वर्षं एकाच व्यक्तीने ताजी ठेवली: मुलुंडच्या मोठ्या जाऊबाई, माधुरी. कुठल्याही समारंभात फोटोवाला सरसावला की माधुरी मान न वळवता म्हणायची, "रत्ने, ओठ मीट. आणि जरा मागे हो गं, उंच आहेस." रत्नप्रभा पाच फूट एक इंच आहे.

गेल्या वर्षी माधुरीच्या मुलाचं, सौरभचं लग्न ठरलं, दहा महिन्यांनंतरचं. या लग्नात पुढच्या रांगेत उभं राहून खदखदून हसायचं, असं रत्नप्रभाने मनाशी पक्कं केलं आणि ती दातांच्या डॉक्टर पूर्वी सावेंकडे गेली.

"दीड वर्ष लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "लग्नात तारा असतीलच. नको असेल तर पारदर्शक साचे घ्या, कार्यक्रमापुरते काढून ठेवता येतात. स्टीलच्या तारा मजबूत, पण लांबून दिसतात."

"किती लांबून?"

"हॉलच्या दुसऱ्या टोकावरून."

"मग स्टीलच्याच लावा."

तार आवळली की तीन दिवस मऊ भात. गालाला टोचेल तिथे मेण. चणे, चकली बंद. नवरा, लवू, म्हणाला, "या वयात कशाला हा छळ?"

"तुझ्या वहिनीला विचार."

तो विचारणार नव्हता. म्हणून तर बावीस वर्षं निघाली.

लग्नाला महिना उरला तेव्हा माधुरीचा फोन आला. "त्या तारा आठ दिवस काढून घे गं. नाहीतर हळद आपली रुचिरा लावेल." रुचिरा ही माधुरीची सरळ दातांची भाची. पण परबांकडे नवऱ्यामुलाला पहिली हळद सख्खी काकीच लावते, आणि लावताना उखाणा घेते. सासूबाई शांताबाईंनी विषय तिथेच मिटवला: "पयली हळद काकीच लावता. तिच्या दातांका कोण इचारता?"

तारांवरचे रबर दर महिन्याला बदलतात, रंग पेशंटने निवडायचा. एरवी रत्नप्रभा राखाडी घ्यायची. हळदीच्या आदल्या दिवशी तिने डॉक्टरांपुढे मोबाईल धरला. त्यात माधुरीच्या नव्या पैठणीचा फोटो होता. "हा पोपटी आहे का तुमच्याकडे?"

होता.

हळदीला पोपटी पैठणीतली माधुरी मुलाशेजारी उभी राहिली. रत्नप्रभाने आंब्याची पानं हळदीत बुडवली, कॅमेऱ्याकडे वळली आणि सगळे दात दाखवत म्हणाली,

"बावीस वर्षं ऐकत आले, 'रत्ने, ओठ मीट',
लवूरावांचं नाव घेते, कॅमेरा धरा नीट!"

हॉल खो खो हसला, सौरभ सगळ्यांत मोठ्याने. माधुरीलाही हसावं लागलं. कॅमेरा तिच्यावरही होता.

आठवड्याने तिचा फोन. "फोटोवाला म्हणतो, तारा पुसल्या तर तुझं अर्धं तोंड जातं. प्रत्येक फोटोत माझ्या शेजारी तू, आणि तोंड उघडं! अल्बम दाखवू कुणाला मी?"

"सगळ्यांना दाखवा, वहिनी. म्हणतील, जावांनी मॅचिंग केलंय."

पुढच्या भेटीत डॉक्टर खूश होत्या. दात भराभर सरकत होते, तारा दोन महिने आधीच निघतील म्हणाल्या.

"घाई नाही," रत्नप्रभा म्हणाली. "वहिनींकडे अजून बारसं व्हायचंय."