आमच्या वाट्याचा बांध

खारेपाटातलं आमचं शेत म्हणजे पलीकडे खाडी, अलीकडे भात आणि मध्ये मातीचा बांध. बांध अख्ख्या गावाचा, पण त्याचा आपापला तुकडा ज्या त्या घराने सांभाळायचा. नवऱ्याने रासायनिक खतं नि औषधं बंद केली तेव्हा मी चांगली भांडले होते. पण काही पावसाळ्यांत बेडूक परत आले, बगळे आले, शेताकडेच्या तळ्यात जिताडे मासे पोसायला लागले, आणि माझं तोंड बंद झालं. खोटं कशाला बोलू, कौतुकच वाटायचं मला.

खेकडेही वाढले. खेकडा बांध पोखरतो आणि त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं. बाकीचे लोक भोकात औषध टाकून मोकळे होतात. हे मात्र रोज ओहोटीला जायचे आणि टाचेने चिखल दाबून एकेक भोक बुजवायचे. "अहो, जेवून तरी जा," मी ओरडायचे. ऐकतात कसले.

यंदा भात पोटरीला आलं आणि अमावस्येच्या उधाणाला बांध फुटला, नेमका आमच्याच तुकड्यात. शेजारपाजारच्या शेतांतही खारं पाणी घुसलं. गाव घमेली घेऊन धावलं, दिवसभर चिखल टाकत राहिलं. एकही जण ह्यांना वाकडं बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मोठ्या जावेचं शेत आमच्या शेताला लागून. ती बुडालेल्या भाताकडे बघत एवढंच म्हणाली, "भावजी, आता वरीसभर खायाचं काय?"

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून औषधाची पुडी घेऊन आले. मी म्हटलं, "नका हो, दुसरं काहीतरी करू."

"शेत माझं हाय," हे म्हणाले. "बांध माझ्या एकट्याचा न्हाय."

स्वतःच्या हाताने भोकाभोकांत टाकून आले. त्याच संध्याकाळी पाऊस कोसळला आणि बांधावरचं सगळं तळ्यात उतरलं. सकाळी जिताडे उलटे तरंगत होते. मेलेले खेकडे खाऊन दोन बगळेही बांधाखाली पडले होते. ह्यांनी खड्डा खणून सगळं पुरलं, मला हात लावू दिला नाही.

दुपारी जेवायला बसले तर घास हातातच राहिला. "माझं चुकलं का गं?" म्हणाले.

मी नुसतं "जेवा" म्हटलं. इतकी वर्षं औषध टाकलं नाही ते चुकलं म्हणतात, की काल टाकलं ते, हे विचारायचा मला धीर झाला नाही.