सासूबाईंची जीभ

त्या खानावळवालीच्या सासूची जीभ म्हणजे बाई, नुसता तिखटाचा डबा! सुनेने रांधलेल्या एकाही पदार्थाला तिने आजवर बरं म्हटलं नव्हतं. मीठ कमी, फोडणी करपली, काही ना काही असायचंच. सून तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि कामाला लागायची. गिऱ्हाइकं मात्र बोटं चाटत उठायची.

मग सुनेला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा येणारही नाही. आता काय करायचं? चव न कळणारी स्वयंपाकीण! ती पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि शेगडी पेटवली, कारण खानावळीवरच घर चालत होतं.

फोडणी ती कानाने ओळखू लागली, भात बोटाने. पण मिठाचं काय? हात आखडतोय की काय, या भीतीने चिमूटभर जास्तच पडायचं. तिने चमचाभर रस्सा सासूपुढे धरला. "आई, चाखून बघा ना."

सासूने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "छान झालाय गं."

अहो, तिथेच शंका यायला हवी होती! पण कौतुकाला आसुसलेली सून हुरळून गेली. रोज चमचा, रोज "छान", आणि रोज ताटांत उरायला लागलं. शेवटी नेहमीचा मिशीवाला ड्रायव्हर अर्धं ताट सारून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. उद्यापासून मी घरून डबा आणीन."

सून तडक आत गेली. "आई, खरं सांगा. खारट होतं ना?"

"होतं," सासू मान खाली घालून म्हणाली. "तुझं तोंड एवढंसं झालेलं. कसं बोलू?"

"इतकी वर्षं कसं बोललात? तसंच बोला! मी तुमच्या जिभेवर विसंबलेय, आणि तुम्ही माझी कीव करताय?"

म्हातारी उठली, शेगडीशी आली. रस्सा चाखून तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! खारट ढोण! आणि हे बटाटे कोण शिजवणार, तुझी आई?"

सुनेला हसू आवरेना. हसता हसता ती रडली, मग दोघींनी नवं पातेलं चढवलं.

चव अजून आलेली नाही. ड्रायव्हर मात्र परत आलाय. काल रस्सा दुसऱ्यांदा मागत तो म्हणाला, "झकास, वहिनी!" सुनेने आत पाहिलं.

"कसलं झकास? मीठ कमी आहे," सासू म्हणाली.

सुनेने मीठ घातलं. तिला फार बरं वाटलं.